दादाचं ‘नाही’

आबांचा फोन आला तेव्हा मी वर्गात बसले होते. एम.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं, विषय अपंगत्व अभ्यास. त्या दिवशी एक डॉक्टर शिकवायला आले होते आणि अपंगत्वाची टक्केवारी कशी काढतात ते फळ्यावर मांडून दाखवत होते. फोन मी दोनदा कापला. पुन्हा वाजला तेव्हा मात्र उठले, कारण वडिलांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. मी बाहेर जिन्यात जाऊन फोन घेतला.

“तारीख आली,” आबा म्हणाले. “पुढल्या महिन्यात हाय. तुझी सही लागतीय. शनवारी येऊन जा.”

“आबा, मी वर्गात आहे.”

“मग शनवारी ये म्हणतोय ना. आज कुठं बोलावलंय?”

त्यांनी फोन ठेवला. मी जिन्यात तशीच उभी राहिले. आत डॉक्टर कुणाला तरी विचारत होते, बुद्ध्यांक अमुक असेल तर टक्केवारी किती धरायची. त्याचं उत्तर मला या वर्गात येण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होतं. दादाच्या प्रमाणपत्रावर ते लिहिलेलं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चाळिशीला टेकलेला. त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. जुन्या प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ असा शब्द आहे, आणि मांजरीत, म्हणजे पुण्याजवळच्या आमच्या गावी, आळीत त्याहून वाईट शब्द आहेत. तो स्वतःची आंघोळ करतो, कपडे घालतो, रोज गाडीतून कार्यशाळेत जातो आणि तिथे त्याच्यासारख्याच इतरांबरोबर कागदी पिशव्या चिकटवतो. बोलतो कमी. दुसऱ्याच्या चहात बिस्किट बुडवतो, आणि पकडला गेला की झोपेचं सोंग घेतो. मी त्याच्या पाठची, पण कळायला लागल्यापासून घरात मोठी मीच.

मांजरीत आमची थोडी जमीन उरली होती. आजूबाजूचे ऊस जाऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मधोमध आमचा तुकडा. आजोबांनी जाताना सातबाऱ्यावर दादाचंही नाव लावलं होतं. बायपासनंतर आबांनी जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं. मोबदल्यात काही रक्कम आणि त्याच इमारतीत दोन फ्लॅट मिळणार होते, त्यातला एक दादाच्या वाट्याचा. पण दादाच्या वतीने सही कोण करणार? त्यासाठी जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज करून आबांना दादाचे कायदेशीर पालक व्हायचं होतं. आणि मला लिहून द्यायचं होतं, की आईवडिलांच्या पश्चात दादा माझ्याकडे, विश्रांतवाडीला राहील, म्हणून त्याच्या वाट्याचा फ्लॅट विकून पैसे त्याच्या सांभाळासाठी ठेवायला माझी हरकत नाही.

यात नवीन काहीच नव्हतं. दादा पुढे माझ्याकडे राहणार, हे मी परकर-पोलक्यात असल्यापासून ठरलेलं होतं. लग्न ठरताना ही अट मीच घातली होती आणि नवऱ्याने ती मान्य केली होती. विश्रांतवाडीचं घर घेताना एक खोली जास्त घेतली, ती दादासाठी. मग सही करायला मला जड का जात होतं?

जड जात होतं ते या शिक्षणामुळे. मी आधी शाळेत भूगोल शिकवायचे. नोकरी सोडून, मुलगी थोडी मोठी झाल्यावर मी या अभ्यासक्रमाला आले ती दादाला नीट सांभाळायला शिकावं म्हणून. इथे आले तर कुणी सांभाळण्याबद्दल बोलतच नव्हतं. डॉक्टर म्हणायचे अपंगत्व मेंदूत आहे, स्नायूत आहे. समाजशास्त्राच्या बाई म्हणायच्या ते जिन्यात आहे, नजरेत आहे, शाळेच्या दाखल्यात आहे. कायदा शिकवणारे म्हणायचे, प्रत्येक प्रौढ माणसाला आपला निर्णय घ्यायचा हक्क आहे असंच धरून चालायचं, आणि त्याला तो घ्यायला मदत लागत असेल तर ती द्यायची. साहित्याच्या बाई विचारायच्या, की या माणसाची गोष्ट नेहमी दुसराच का सांगतो. सुरुवातीला मी हे सगळं भराभर वहीत उतरवून घेतलं. मग हळूहळू प्रत्येक तासाला समोर दादा दिसायला लागला आणि उतरवून घेणं अवघड झालं.

प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या घरात निर्णय कोण घेतं. विषय मांडला त्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, “तुमच्या भावाला कधी काही विचारलंय का, की विषयच घेतलाय?”

शनिवारी मी मांजरीला गेले. पडवीत बिल्डरचा माणूस बसला होता, मांडीवर प्लास्टिकची फाईल. आई एका कोपऱ्यात मटार सोलत होती आणि दादा तिच्या शेजारी बसून सालं एकात एक खोचत होता. आबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“वाच आणि कर सही. ह्यांना पुढं जायचंय.”

मी वाचला. मग म्हणाले, “आबा, मला थोडा वेळ द्या. तारखेच्या आधी देते.”

“कशाला वेळ?”

“दादाला विचारायला.”

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. “काय इचारनार त्याला?”

“यात त्याचं काय म्हणणं आहे ते.”

“मग इचार की. हा इथं बसलाय. इचार आमच्या म्होरं.”

मला तिथे, त्या माणसासमोर विचारायचं नव्हतं. पण आबा माझ्याकडे असे बघत होते, की न विचारणं म्हणजे माघार घेणं झालं असतं. मी दादाजवळ जाऊन बसले. “दादा, आपली जमीन ह्यांना द्यायची का?”

“हो,” दादा म्हणाला.

“का आपल्याकडेच ठेवायची?”

“हो.”

बिल्डरचा माणूस हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. आबा हसले नाहीत. “झालं समाधान?” ते म्हणाले. “त्याला काय कळतंय ते तुला ठावं न्हाई का? शिकून आलीस ती आपल्याच घराची परीक्षा घ्यायला?”

मी सही न करता निघाले. आई दारापर्यंत आली. तिने मटाराची पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, “त्यांना ताण देऊ नको गं. डॉक्टरनी सांगितलंय.”

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी हे माझ्या दोन सोबत्यांना सांगितलं. एक वकील होते. पन्नाशीचे, जन्मापासून दृष्टिहीन, सदाशिव पेठेत वाढलेले आणि बोलायला तसेच. दुसरी स्पीच थेरपिस्ट, माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. आमच्या वर्गाची हीच गंमत होती. एका टेबलावर कायदा, दवाखाना आणि शाळा चहा प्यायचे आणि कुणालाच दुसऱ्याचं पूर्ण पटायचं नाही.

“म्हणजे तुमचा भाऊ सगळ्याला हो म्हणतो,” वकील म्हणाले. “बरेच नवरे तेच करतात. त्यांच्यावर कुणी पालक नेमत नाही.”

थेरपिस्ट हसली नाही. “ताई, त्यांना आयुष्यभर हो म्हटल्यावर शाबासकी मिळाली असणार. नाही म्हटल्यावर मार, नाहीतर रुसवा. मग ते हो म्हणणारच. ते तुमच्या प्रश्नाला हो म्हणत नाहीयेत, तुम्हाला म्हणतायत. आधी हे शोधा, की ते नाही कसं म्हणतात.”

“तो नाही म्हणतच नाही.”

“असं होत नाही,” ती म्हणाली.

ते शोधायला ती स्वतः आली. एका रविवारी आम्ही दादाला मंडईत घेऊन गेलो. तिचं म्हणणं होतं, की घरात त्याच्यासाठी सगळं ठरलेलं असतं, जिथे हरघडी कुणीतरी काहीतरी पुढे करतं अशा ठिकाणी नेऊया. दादा खूश होता. गाळ्यागाळ्यावरच्या बायका “घ्या की दादा, बघा तर” म्हणत त्याच्या हातात काकडी, चिंच, काय काय देत होत्या आणि तो “हो” म्हणून सगळं घेत होता. मी मागून परत करत होते आणि मनातून चिडत होते. मग एका फळवालीने अर्धा कापलेला पेरू पुढे केला. दादा म्हणाला, “हो.” आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन मुठी आवळून उभा राहिला.

“घ्या, गोड आहे,” बाई म्हणाली.

“हो, हो,” दादा म्हणाला. हात मागेच.

थेरपिस्टने माझ्या कोपराला हात लावला. दादाला पेरूच्या बिया दातात अडकलेल्या चालत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ते हात मी कधी बघितले नव्हते. खरं तर बघितले असणार, शेकडो वेळा. केस कापायला नेताना, इंजेक्शनच्या वेळी, लांबच्या एका मावशीने पापा घ्यायला तोंड पुढे केलं की. तो असा उभा राहिला की आम्ही त्याचे हात सोडवायचो आणि म्हणायचो, चल, हो म्हणालास ना.

त्यानंतरचे रविवार मी मांजरीला गेले ते फोटो घेऊन. हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही, असं थेरपिस्टने सांगितलं होतं. दोन फोटो समोर ठेवायचे आणि तो कुठला घेतो ते बघायचं. मग जागा बदलून पुन्हा ठेवायचे, कारण काही जण नेहमी उजव्या हाताचंच उचलतात. वकिलांनी बजावलं होतं, की मी स्वतः काही सुचवायचं नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. “तुमचा चेहरा मला दिसत नाही, पण आवाजावरून सांगतो, तुमचा चेहरा फार बोलका असणार,” ते म्हणाले.

फोटोंत आमचं घर होतं, ऊस होता, शेजारी झालेली इमारत होती, आतल्या लिफ्टसह, कार्यशाळा होती, कार्यशाळेतला त्याचा मित्र होता, आईआबा होते, आणि माझं विश्रांतवाडीचं घर होतं, त्याच्या खोलीसकट. जेवणखाण, झोपणं, टीव्ही बघणं, कुठे आवडेल, कुणाबरोबर आवडेल, असं एकेक मी ठेवत गेले. ऊस त्याने सरळ बाजूला सारला. त्याला जमिनीचं काही नव्हतं. मी मनाशी गृहीत धरलं होतं, की त्याचा जीव मातीत असेल. तो तिथे नव्हता. इमारतीचा फोटो मात्र तो पुन्हा पुन्हा उचलायचा आणि लिफ्टच्या दारावर बोट ठेवायचा.

विश्रांतवाडीचा फोटो ठेवला की तो “हो” म्हणायचा आणि हात पाठीमागे न्यायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, योगायोग. मी फोटो बदलला, खोलीऐवजी घराचा दर्शनी भाग ठेवला. हात मागे. माझ्या मुलीचा फोटो ठेवला तर तो घेतला, नाकाला लावला. पुन्हा घर ठेवलं. मुठी इतक्या घट्ट आवळल्या होत्या, की बोटं पांढरी पडली होती.

त्या दिवशी परतताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसून राहिले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी आत कुठेतरी हलकं वाटत होतं. त्या हलकं वाटण्याचाच मला राग आला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो दादाच्या खोलीचं दार उघडून आत बघून आला. मग म्हणाला, “आपण काय कमी केलं त्याचं?” त्याचंही खरं होतं. दादा आमच्याकडे यायचा तेव्हा सगळं त्याच्या मनाचं जेवण, त्याच्या मनाचे कार्यक्रम. निदान आम्हाला तसं वाटायचं. का नको, हे दादाला विचारून काही उपयोग नव्हता. मी विचारलं, तो “हो” म्हणाला.

मार्गदर्शक बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे प्रबंधात घेता येणार नाही. तुम्ही यात पक्षकार आहात. पण समितीपुढे काय बोलणार आहात?”

 आधी आबांना सांगायचं होतं.

आबांना सांगितलं तेव्हा ते अंगणात खाटेवर पडले होते. मी फोटो काढले, सगळं समजावून सांगितलं, हातांचं सांगितलं. ते उठून बसले. “मुठी आवळल्या,” ते म्हणाले. “पोरानं मुठी आवळल्या म्हणून मी म्हातारपणी ठरल्यालं मोडू? तू त्याला शिकवलंस हे. नायतर जावयबापूंना नको असंल. तसं असंल तर सरळ सांग, मी वाईट वाटून घेणार न्हाई.”

“आबा, त्यांचा काही संबंध नाही.”

“मग तुला हिस्सा पायजे का?”

हे चुलत्यांनी त्यांच्या कानात घातलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फोटो गोळा करून निघाले. नंतर तारखेपर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत. निरोप आईमार्फत यायचे.

सुनावणीच्या दिवशी मी त्यांना कार्यालयाच्या फाटकाशी भेटले. आबा इस्त्रीचं धोतर नेसले होते. दादाला नवा शर्ट घातला होता, कॉलर टोचत असावी, तो मान वाकडी करत होता. आम्ही एकत्र जिना चढलो.

आत टेबलामागे तिघं होते. मधे एक अधिकारी बाई, एका बाजूला एका संस्थेचे वयस्कर गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला कुबड्या भिंतीला टेकवून बसलेले एक सदस्य. बाईंनी कागद चाळले. मग दादाकडे वळून आवाज मोठा करून विचारलं, “तुमचे वडील तुमचे पालक म्हणून सही करतील. चालेल ना?”

“हो.”

“आणि पुढे बहिणीकडे राहायचं. आवडेल?”

“हो,” दादा म्हणाला. तो उभा होता. त्याचे हात पाठीमागे गेले. टेबलाच्या त्या बाजूने ते दिसत नव्हते.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता तुमची संमती,” त्या माझ्याकडे वळल्या. “कागदावर सही दिसत नाही.”

 मी म्हणाले, “मॅडम, त्याचं उत्तर हो नाहीये.”

आबांनी मान फिरवून खिडकीकडे बघितलं.

मी सांगितलं. हातांचं, फोटोंचं, जागा बदलून ठेवण्याचं. वर्गात शिकलेलं सगळं नीट मांडायचं ठरवलं होतं, पण बोलताना वाक्यं तुटत होती. संस्थेचे गृहस्थ मधेच म्हणाले, “ताई, भावनेच्या भरात असं होतं. कुटुंब इतकं चांगलं आहे, घर आहे, बहीण शिकलेली आहे. अजून काय पाहिजे?” अधिकारी बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, “म्हणजे तो तोंडाने हो म्हणतोय, आणि त्याचा अर्थ नाही असा होतो, असं तुम्ही आम्हाला सांगताय. तर आम्ही वडिलांचं ऐकायचं का तुमचं, एवढाच प्रश्न झाला ना? त्याचं कुठे झालं?”

 प्रश्न बरोबर होता. मी त्याच्या वतीने बोलत होते, जसे आबा बोलत होते तसेच.

तेव्हा कुबड्यांवाले सदस्य पहिल्यांदा बोलले. “फोटो आहेत का जवळ? आमच्याकडे द्या. आणि तुम्ही दोघंही बाहेर बसा.”

“एकटा?” आबा म्हणाले. “तो एकटा बसला न्हाई कधी परक्यात.”

“काका, दार उघडंच आहे असं समजा. घाबरला तर हाक मारतो.”

शिपायाने आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. आबा एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. समोरून माणसं फायली घेऊन येत जात होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आबा दाराकडे कान लावून बसले होते. त्यांचा एक हात छातीवर होता आणि मी त्या हाताकडेच बघत होते.

“पाणी देऊ का?” मी विचारलं.

“न्हाई.”

थोड्या वेळाने तेच म्हणाले, “घाबरंल तो.”

“घाबरला तर बोलावतील.”

“तुला काय वाटतं, मला हौस हाय सह्या करायची?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “आपरेशनला न्हेत व्हते तवा मी म्हणलं, काय व्हायचं ते हू दे, पोरगी हाय. तुझ्या घरी तो राहणार म्हणून मी आजवर झोपलोय, बाई. आता तू म्हणतीस तुझ्याकडं न्हाई. मग आमच्या माघारी तो कुठं राहील?”

“माहीत नाही, आबा.”

“म्हायती न्हाई,” ते म्हणाले. “दोन वर्सं शिकून म्हायती न्हाई.”

हे त्यांनी टोमण्यासारखं म्हटलं नाही. खरोखर विचारल्यासारखं म्हटलं, आणि म्हणून ते जास्त लागलं. मी सरकून त्यांच्याजवळ बसले. ते सरकले नाहीत.

दार उघडलं तेव्हा दादा खुर्चीत बसलेला होता. कॉलरचं बटण कुणीतरी सोडून दिलं होतं. त्याच्यापुढे चहाचा कप होता आणि अधिकारी बाईंच्या बशीतलं बिस्किट त्याच्या हातात होतं. फोटो टेबलावर पसरलेले होते.

“आम्ही तिघांनी वेगवेगळे ठेवून बघितले,” बाई म्हणाल्या. मघाचा मोठा आवाज आता नव्हता. “बहिणीचं घर आलं की हात मागे जातात. हे खरं आहे. काका, मी स्वतः पाहिलं.”

आबा उभेच होते.

“आणि हे त्याने आपलं आपण केलं, आम्ही सांगितलं नव्हतं.” त्यांनी बोटाने दाखवलं. इमारतीच्या फोटोवर कार्यशाळेतल्या मित्राचा फोटो ठेवलेला होता. नीट, कडेला कड जुळवून, पिशवीचा कागद ठेवतात तसा. “याचा अर्थ आम्ही लावणार नाही. पण नोंद करतोय.”

त्यांनी आबांना पालक नेमलं, पण मर्यादित. दादाच्या वाट्याचा फ्लॅट त्याच्या नावावर राहील, समितीला विचारल्याशिवाय विकता येणार नाही, आणि तो पुढे कुठे राहील हे आज कुणीही लिहून द्यायचं नाही. माझ्या संमतीचा कागद त्यांनी फाईलमधून काढून मला परत दिला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जिथे दाखवलं तिथे सही केली. मग दादाचं मनगट धरलं आणि जिना उतरायला लागले. खाली रिक्षात बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “आईला फोन करून सांग, काम झालं.”

प्रबंधात हे काहीच आलं नाही. मी इतर घरांमध्ये फिरले, हडपसरला, येरवड्याला, कॅम्पात. एका घरात तर मुलाच्या आईने मला चहा देता देता सांगितलं, की आमच्याकडे सगळे निर्णय ह्याला विचारूनच होतात, आणि मुलगा तिच्या मागे दोन्ही पायांत उशी घट्ट धरून बसला होता. मी ते लिहिलं, अर्थ लावला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, निष्कर्ष इतके हात राखून का मांडलेत. वकील माझ्या मागे बसले होते. ते नंतर म्हणाले, “पहिल्यांदाच कुणाला कमी बोलल्याबद्दल पास होताना ऐकलं.”

आबा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच फोन करून विचारलं, दादाच्या त्या मित्राचे आईवडील कुठे राहतात. त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल. मला माहीत नव्हतं, आईला होतं. मित्राचे वडील वारले होते, आई मुंढव्यात धाकट्या मुलाकडे राहायची. आबा स्वतः तिला भेटायला गेले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण इमारत उभी राहिली आणि फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा असं ठरलं, की आधी आठवड्यातले थोडे दिवस दादा आणि त्याचा मित्र तिथे राहतील, सोबतीला कार्यशाळेतले एक निवृत्त काका पगारावर असतील, आणि आईआबा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. जमलं तर वाढवायचं, नाही जमलं तर बघू. नाही जमलं तर काय, याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. दोघांत भांडणं होतात. मध्यंतरी मित्राने दादाचा टीव्हीचा रिमोट गच्चीवरून खाली टाकला आणि दादा दोन दिवस जेवला नाही. आबांनी तेव्हा मला फोन करून सांगितलं, की हे सगळं तुझ्यामुळं. मी ऐकून घेतलं.

दोघं तिथे राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात मी गेले होते, तेव्हा आबा इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले दिसले. आई म्हणाली, सकाळपासून तिथेच आहेत, जेवायला तेवढे वर आले. मी वॉचमनकडून एक खुर्ची मागून घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले.

“वर जायचं का?” मी विचारलं.

“कशाला? त्यांनी बोलावलंय का?”

लिफ्ट खाली आली. दारातून दादा आणि त्याचा मित्र बाहेर पडले, आमच्याकडे बघितलं, आणि परत आत जाऊन वरचं बटण दाबलं. असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. सोसायटीतली एक बाई पिशव्या घेऊन ताटकळत उभी होती, तिने आबांकडे रागाने पाहिलं. आबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

“जेवला असंल का?” ते म्हणाले.

“खाली आला की विचारा.”

लिफ्ट पुन्हा आली. दादा दारात उभा होता, हसत. आबा खुर्चीतून पुढे झुकले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार बंद झालं.